अस्तराखालचा शब्द

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट काल दुपारी आलं. आत पत्र असेल म्हणून मी ते बटणवाल्या बाईंसमोरच फोडलं, तर नुसता कापडाचा तुकडा. पाकीट उपडं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं. काही नाही. बाई म्हणाल्या, "मालक, ताईंनी नमुना पाठवलाय का?" मी म्हटलं, हो, नमुनाच म्हणायचा.

तुकडा ओळखला. कोटाच्या छातीत आतून घालतो तो कॅनव्हास, आपल्याच दुकानातला. असला जाडाभरडा माल बाबांच्या वेळेपासून फक्त आपण घेतो. वरचे तिरपे टाके माझे. आणि मधोमध जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेला तो शब्द. तो मी इथं लिहीत नाही, पत्र कुणाच्याही हातात पडतं. तुझ्या मिस्टरांच्या रंगाची, तशा केसांची माणसं दिसली की रस्त्यावरची टारगट पोरं ओरडतात तो. तुला माहीत आहे.

मला एवढंच कळत नाही, की हा तुकडा तू मला का पाठवलास आणि त्यासाठी कोट कशाला कापलास? छातीतून एवढा कॅनव्हास काढल्यावर कोट उभा कसा राहणार? डावी बाजू पोत्यासारखी पडेल. लग्न बावीस मार्चला आहे. मुलीच्या लग्नात बाप काय पोतं घालून उभा राहणार? कोट ढिला होत होता तर मला कळवायचंस, दोन दिवसांत आत घेऊन दिला असता. आजारपणात ते इतके बारीक झालेत हेसुद्धा मला इस्त्रीवाल्याकडून कळलं. सख्ख्या भावाला इस्त्रीवाल्याकडून कळावं, याला काय म्हणायचं?

राहता राहिला तो शब्द. अगं, दुकानात प्रत्येक कोटाच्या कॅनव्हासवर खूण असते, हे तू लहानपणापासून बघितलंयस. एका वेळी वीस कोट कच्चे टाचून पडलेले असतात, आतला माल सगळा सारखा दिसतो, अदलाबदल झाली की बोंब. नावं लिहावीत तर एकाच नावाची तीन गिऱ्हाइकं निघतात. म्हणून बाबांनी टोपणनावांची रीत पाडली. दातांचे डॉक्टर म्हणजे ‘उंट’. हेडमास्तर म्हणजे ‘पिंप’. पोस्टातले साहेब ‘एकखांदी’. मापाच्या कागदावर तेच, कॅनव्हासवर तेच. वरून अस्तर शिवलं की विषय संपला, गिऱ्हाइकाला जन्मात कळत नाही. उंटांना कळलं असतं तर तेसुद्धा हसले असते. मग तू एवढं मनाला का लावून घेतलंस?

फोन दोनदा लावला. एकदा भाचीनं उचलला आणि "मामा, आई कामात आहे" म्हणून ठेवून दिला. लग्नाच्या पत्रिका सगळ्यांना पोचल्या म्हणे. माझी पोस्टात अडकली असेल. एकखांदींना विचारतो.

तुझा धाकटा


८ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "पत्रिका अडकलेली नाही. पाठवलेलीच नाही." पाच शब्द. मी मोजले.

म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका पेन्सिलीच्या खुणेसाठी सख्ख्या मामाला लग्नाला बोलवायचं नाही. बरं. पोरीला पहिली सायकल मी शिकवली, तिच्या मागे धावून माझा गुडघा गेला, तो अजून चढावर कुरकुरतो. तेही तुझ्या हिशेबातून पुसून टाक.

आधी वाटलं, हे अक्षर माझं नसणारच. त्या वर्षी कॉलर लावायला एक म्हातारे कारागीर होते, भारी वात्रट, त्यांनीच लिहिलं असणार. तसंच तुला कळवायचं म्हणून पत्र अर्धं लिहिलंही होतं. मग मोठ्या काचेखाली तुकडा धरला. शेवटच्या अक्षराची रेघ खाली ओढून तिला बाक देतो तो मीच. ते पत्र फाडलं. हे तुला सांगायची गरज नव्हती, तरी सांगतोय.

पण मला एक सांग, त्यांनी स्वतः कधी तक्रार केली? एवढी वर्षं येणंजाणं आहे. माझ्या घरी जेवायला बसलो होतो तो दिवस आठवतो तुला? भाची सातेक वर्षांची असेल. मी दुकानातली एक गंमत सांगत होतो, एक गिऱ्हाईक दुसऱ्याला काय काय बोललं ती, आणि त्या गमतीत तो शब्द होता. शब्दाशिवाय गंमतच होत नव्हती. तू पाणी आणायला आत गेली होतीस. भाचीनं विचारलं, "मामा, म्हणजे काय?" मी म्हटलं, "काही नाही गं, मोठ्यांची भाषा." तुझे मिस्टर संत्रं सोलत होते. त्यांनी त्याच्या सगळ्या शिरा काढल्या, एकेक फोड तिच्या ताटलीत मांडली आणि मला म्हणाले, "पुढे? त्या दुसऱ्या माणसानं काय उत्तर दिलं?"

पुढे, असं विचारलं त्यांनी. ज्याला वाईट वाटलं तो माणूस पुढे काय झालं असं विचारेल का? मी तर पुढची गंमत आणखी रंगवून सांगितली.

आज हे लिहिताना मला त्या दुसऱ्या माणसाचं उत्तर काही केल्या आठवत नाही. त्यानं बहुतेक काहीच उत्तर दिलं नव्हतं.

मला सगळं गोंधळल्यासारखं झालंय. तू सरळ शिव्या घाल, पण पाच शब्द पाठवू नकोस.

धाकटा


१३ फेब्रुवारी

ताई,

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहिणार. लहानपणी तू अबोला धरायचीस तेव्हाही मी तुझ्या दाराबाहेर बसून बडबडायचोच.

काल बटणवाल्या बाईंना म्हटलं, "बाई, माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात?"

"कोण?"

"सगळेच. तुम्ही, इस्त्रीवाला, शिलाईवाले."

"काही नाही म्हणत."

"सांगा हो. बाबांची रीत आहे, मलाही काहीतरी ठेवलं असणारच."

त्यांनी दातांत धरलेला दोरा काढला. "रागावणार नाही ना?"

"छे!"

"टाचणी."

मी हसलो. म्हटलं, छान आहे, बारीक आहे म्हणून ना? त्या म्हणाल्या, "बारीक आहात, आणि टोचता." त्यावरही हसलो. मग कापायच्या टेबलापाशी गेलो आणि एक अख्खी बाही उलटी कापली. चांगलं निळं कापड. इस्त्रीवाला काही विचारायला आला तर त्याच्यावर खेकसलो, कारण मला दिसत होतं की तोंडानं तो ‘मालक’ म्हणतोय आणि मनात ‘टाचणी’.

दुकान बंद करताना बाई म्हणाल्या, "एवढं लागलं मालक तुम्हाला?"

म्हटलं, "नाही लागलं. पण मग ताईला तरी कसं लागलं म्हणायचं? हेही टोपणनाव, तेही टोपणनाव. फरक काय?"

बाईंना मी त्या तुकड्याचं सांगितलं नव्हतं. पण पाकीट आलं तेव्हा त्या समोरच होत्या, आणि त्यांना वाचता येतं.

त्या म्हणाल्या, "मी इथं नवीन लागले तेव्हाची गोष्ट. तुमचे दाजी दुकानाच्या कोपऱ्यावरून येत होते. चार-पाच जण मागे लागले होते, तोच शब्द ओरडत. एकानं दगड मारला. तो इथं लागला, भुवईवर. मी त्यांना नळापाशी नेऊन रक्त धुतलं. ते म्हणाले, आत सांगू नका, मेहुण्यांना उगाच त्रास." मग बाईंनी पदर खोचला, पिशवी उचलली. "टाचणी म्हणून तुम्हाला कुणी दगड मारलाय का मालक?"

ताई, तो दिवस मला आठवतो. भुवईवर पट्टी होती. मी विचारलं तर म्हणाले, पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात शिडीवरून घसरलो. मी काय म्हटलं असेल ते तुला कळेल. शिडीवरून मी त्यांची चिक्कार थट्टा केली. पुढे वर्षभर ते आले की म्हणायचो, शिडी धरू का?

तुला खरं माहीत होतं का?

आणि एक सांगायचं आहे. पहिल्या पत्रात मी टोपणनावांची रीत सांगितली, ती खरी आहे. पण सगळी सांगितली नाही. घरच्या माणसांच्या कोटाला ती रीत नव्हती. बाबांच्या कॅनव्हासवर मी ‘बाबा’ असं लिहायचो. काकांच्या ‘काका’. तुझ्या लग्नाचा कोट कापायला घेतला तेव्हा मापाच्या कागदावर ‘दाजी’ लिहायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पेन्सिल घेऊन थांबलो होतो. टेबलाभोवती सगळे जमले होते. तू कुणाशी लग्न करते आहेस हे दुकानात कळल्यापासून पंधरा दिवस माझ्याकडे बघून कुजबुज चालली होती. कॉलरवाले म्हणाले, "काय लिहिताय धाकटे मालक? बघू तरी!" मी पेन्सिल जिभेला लावली आणि तो शब्द लिहिला. सगळे खो खो हसले. मीही हसलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी त्यांच्यातला होतो. ताई, इतकं हलकं वाटलं मला. ते हलकं वाटणं मला आजही आठवतं, हे सगळ्यात वाईट.

मग कागदावर होतं तेच कॅनव्हासवर उतरलं. ती पेन्सिल थुंकीनं एकदा ओली झाली की जात नाही, धुतलं तरी.

धाकटा


१७ फेब्रुवारी

ताई,

लांब लिहीत नाही. एक विचारायचं आहे आणि मला ते समजत नाहीये.

तुकडा रोज बघतोय. शब्दाच्या चारी बाजूंनी भोकांची एक ओळ आहे. चौकोन. माझी सुई बारीक असते, ही भोकं मोठी आहेत, चपलेला पडावीत तशी. एका भोकात दोऱ्याचं टोक अडकलंय, ते चिमट्यानं ओढलं. दोरा मेण लावलेला आहे. कपड्याला मेणाचा दोरा आम्ही कधीच वापरत नाही. आणि टाक्यांचा कल उलटा आहे, डाव्या हातानं घातल्यासारखा.

तू कोट उसवलास तेव्हा या शब्दावर काही होतं का?

धाकटा


२४ फेब्रुवारी

ताई,

दुसरं पाकीट आलं. या वेळी आत पत्रही होतं, आणि तो चौकोनी तुकडा. तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. तू लिहिलंयस ते मी परत लिहितो, कारण मला ते नीट समजून घ्यायचं आहे.

तू कोट आत घ्यायला उसवलास. अस्तराखाली, छातीवर, मरून रंगाच्या कापडाचं एक ठिगळ दिसलं. तुला वाटलं, कॅनव्हास फाटला असेल. ठिगळ काढलंस आणि खाली तो शब्द, माझ्या अक्षरात. सकाळी त्यांच्यासमोर ठेवलंस. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं." तू विचारलंस, कधीपासून? म्हणाले, "पहिल्यापासून." तू विचारलंस, मग मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तुला एकच भाऊ आहे."

हे वाक्य वाचून मी काय केलं ते विचारू नकोस. बाईंनी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं, एवढं सांगतो.

पहिल्यापासून म्हणजे कसं, हा प्रश्न तू मला विचारलायस. त्यांनी तुला ते सांगितलं नाही. मला आता ठाऊक आहे. ठिगळ हातात घेतल्याबरोबर कळलं, कारण तेच कापड गेली सव्वीस वर्षं माझ्या कोपराखाली आहे.

मापांची वही. ती मरून जाड वही, जी मी गिऱ्हाइकांना मिरवून दाखवतो. तुमच्या लग्नाला दोन महिने झाले असतील. ते पहिल्यांदाच एकटे दुकानात आले होते. बिचकत. कुठं उभं राहावं कळत नव्हतं. मापांचे सुटे कागद तेव्हा बिस्किटांच्या डब्यात असायचे, कोंबलेले. ते बघून म्हणाले, "हे असे फाटून जातील. माझ्याकडे द्याल? बांधून आणतो." मला बरं वाटलं, डबाच्या डबा उचलून दिला. ताई, त्या डब्यात त्यांचा स्वतःचा कागद होता हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. जगात एवढे बाइंडर पडलेत, आणि मी तो कागद बांधायला दिला तो नेमका त्याच माणसाकडे. याला काय म्हणावं मला सुचत नाही. मूर्खपणा म्हटलं तर फार सोपं होतं.

कागद लावताना त्यांनी तो वाचला असणार. मग घरी जाऊन कोट उसवून पाहिला असणार, कागदावर आहे ते आतही आहे का. होतं. वहीच्या पुठ्ठ्यावर चढवून उरलेल्या कापडाचा चौकोन कापून वर शिवला, अस्तर मिटवलं. म्हणजे कधी तू उघडलंस तर तुला दिसू नये. आणि आठ दिवसांनी वही घेऊन दुकानात आले. कोपरे चामड्याचे, पाठ गोल, पानं अशी की टेबलावर सपाट उघडी राहतात. मी म्हटलं, "वा!" चहा पाजला. ते चहा पिऊन गेले.

तो कोट त्यांनी बाबांच्या शेवटच्या दिवशी घातला होता. माझ्या लग्नाच्या फोटोत तो आहे. माझ्या खांद्यावर त्यांचा हात आहे त्या फोटोत.

काल मी वहीत त्यांचं पान शोधलं. सव्वीस वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं. माप पुन्हा बघतो केव्हा, तर त्याच माणसाला दुसरं काही शिवायचं असेल तेव्हा. मी त्यांना दुसरं काही शिवलंच नाही. तुला शिवलं, भाचीला शिवलं, एकदा तुमच्या शेजाऱ्यांनासुद्धा शिवलं.

पान सापडलं. वर छापलेलं ‘नाव’, त्याच्यापुढे माझ्या जांभळ्या अक्षरात तो शब्द. खाडाखोड काही नाही. कागद त्यांच्या हातात होता, त्यांना तो फाडून टाकता आला असता, मला कळलंही नसतं. फाडलेला नाही. पण त्या शब्दाच्या खाली, साध्या पेन्सिलीनं, बारीक सरळ अक्षरात, त्यांनी आपलं नाव लिहिलंय. आपलं, वडिलांचं, आडनाव. बस्स. दुसरं काही नाही.

ते नाव तिथं सव्वीस वर्षं होतं, ताई. मी ती वही रोज उघडतो.

मला अजून सगळं कळत नाही. ते चांगले म्हणून गप्प राहिले की माझ्याकडून काही होईल ही आशाच सोडली म्हणून? तुला दुखू नये म्हणून मला सोडलं, मग मला सोडलं म्हणून माझ्यावर रागावू की रडू? राग येतो, हे खरं. वाटतं, एकदा कॉलर धरून विचारायचं होतं त्यांनी. मग वाटतं, आधी रस्त्यावर दगड खायचे आणि मग मेहुण्याला शहाणं करायचं, हेही त्यांनीच का करायचं?

पत्रिका मागत नाही. तू लिहिलंयस, "लग्नाला ये असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले तर बघू." बरोबर आहे. मी फक्त कोट मागतो. तू कापून ठेवलायस, तो आता दुसऱ्या कुणाला बसवता येणार नाही. छातीचा कॅनव्हास नवा घालावा लागेल. मी घालतो. पाठवायचा की नाही ते त्यांना विचार, आणि या वेळी विचारताना ‘माझा भाऊ म्हणतो’ असं सांगू नकोस. शिंपी म्हणतो, असं सांग.

धाकटा


१६ मार्च

दाजी,

हे तुम्हाला माझं पहिलं पत्र. ‘दाजी’ हेही पहिल्यांदाच. तोंडावर मी तुम्हाला ‘अहो’ म्हणत आलो आणि ताईपाशी ‘तुझे मिस्टर’. मला वाटायचं ते आपोआप होतंय.

कोट मंगळवारी पोचला. पुडक्यावरची गाठ तुमची होती, डाव्या हाताची. आत कोट, आणि मापाचा कागद. आमच्याच दुकानाचा छापील कागद तुम्ही कुठून आणलात? बाईंना विचारलं, तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मापं तुमच्या अक्षरात आहेत. छाती छत्तीस. जुन्या कागदावर एक्केचाळीस होती. मी टेप घेऊन ते पाच इंच टेबलावर मोजून बघितले. आजार एवढा होता आणि मी ताईवर रुसून बसलो होतो, की मला का कळवलं नाही म्हणून.

सगळ्या ओळी भरल्या आहेत. बाही, पाठ, खांदा, अगदी डावा खांदा अर्धा इंच खाली आहे हेसुद्धा. फक्त ‘नाव’ या शब्दापुढची जागा मोकळी आहे. चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्या मोकळ्या जागेचा अर्थ लावण्यात माझे दोन दिवस गेले. राहून गेली असेल म्हणावं, तर पानांचे क्रमांकसुद्धा दोनदा तपासणारे तुम्ही. माझी परीक्षा घेताय का? की थट्टा करताय? की ‘जे लिहायचं ते लिहा, मला आता फरक पडत नाही’ असं म्हणायचंय? मला ठरवता आलं नाही, अजूनही आलेलं नाही. तुम्ही समोर असतात तरी विचारलं नसतं.

जुन्या पानाचं काय करावं, तेही कळेना. तो शब्द खोडायला रबर घेतलं होतं, पण ती पेन्सिल तशी जात नाही हे मलाच ठाऊक. वर कागद चिकटवावा, तर ते काम तुम्ही एकदा केलंय, माझ्यासाठी, आणि ते मला पुन्हा करवत नाही. शेवटी पान तसंच ठेवलं. वर माझं, खाली तुमचं. बाकी कागदांना आता आकडे घालतोय. एक, दोन, तीन. बाईंनी सुचवलं. इस्त्रीवाला कुरकुरला की सगळी मजा गेली. मी म्हटलं, जाऊ दे. त्यानं ‘टाचणी’ म्हटलं बहुतेक. म्हणू दे.

तुमची माफी मागायची म्हणून तीनदा कागद घेतला. प्रत्येक वेळी शेवटी असं वाटलं, की तुम्ही ‘असू द्या’ म्हणावं म्हणून मी लिहितोय. तुम्ही म्हणालही. सव्वीस वर्षं तेच म्हणत आलात. म्हणून मागत नाही. पण एक तुम्हाला सांगितलंच पाहिजे. शिडी धरू का, असं मी विचारायचो आणि तुम्ही हसायचात. ते हसणं मी खरं मानलं, कारण मला तसं मानायचं होतं. मला लाज वाटते. खूप लाज वाटते, दाजी.

कोट झाला आहे. दोन्ही बाजूंना नवा कॅनव्हास घातला, टाके सगळे मी घातले, कुणाला हात लावू दिला नाही. डोळे पूर्वीसारखे नाहीत, एका ठिकाणी दोनदा उसवावं लागलं. खांदा नीट बसेल. बावीस तारखेला मुलीच्या शेजारी उभे राहाल तेव्हा कोट पडणार नाही, याची जबाबदारी माझी. त्या दिवशी दुकान बंद आहे. मी घरीच असेन. हे आमंत्रणासाठी सांगत नाही, की सांगतोच आहे, माझं मलाही माहीत नाही.

कॅनव्हासवर नाव लिहिलं आहे. त्याआधी दुकानात कुणी नसताना ते तीन-चारदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. एवढ्या वर्षांत मी ते कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं, जीभ अडखळत होती. मग जांभळी पेन्सिल घेतली. तीच, न जाणारी.

डाव्या बाजूचं अस्तर मी चार बोटं उघडं ठेवलं आहे. विसरलो नाही, मुद्दाम ठेवलं आहे. तिथंच सुई टोचलेली आहे, दोरा ओवून. मिटवायचं ते तुमच्या हातानं मिटवा, डावे टाके घालून. मिटवावंसं वाटलं नाही तर कोट तसाच परत पाठवा, मी काही विचारणार नाही.

फक्त शिवायच्या आधी वाचा.

धाकटा